एक गायिका आणि एक ड्रमवादक सुरक्षा परिषदेत का घुसले?

१५ फेब्रुवारी १९६१. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची बैठक चालू होती. अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन बोलत असतानाच प्रेक्षकांच्या सज्जातून आरडाओरडा सुरू झाला. काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांचा खून झाल्याचं दोनच दिवसांपूर्वी जाहीर झालं होतं आणि त्याचा निषेध करायला कृष्णवर्णीय अमेरिकनांचा एक जथा आत आला होता. सुरक्षारक्षकांशी त्यांची झटापट झाली. त्या जथ्यात ॲबी लिंकन ही गायिका होती आणि मॅक्स रोच हा ड्रमवादक होता. दोघंही जॅझचे कलाकार.

२०२५ च्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेल्या ‘साउंडट्रॅक टू अ कू देता’ या माहितीपटामुळे हा प्रसंग पुन्हा चर्चेत आला. तो पाहिलेल्या अनेकांना साधा प्रश्न पडला: रात्री क्लबात गाणारी-वाजवणारी ही माणसं तिथे पोचली कशी? जॅझ म्हणजे हॉटेलच्या लॉबीत मंद आवाजात लावायचं संगीत, एवढीच ज्यांची ओळख आहे, त्यांना तर हे फारच कोड्यात टाकणारं आहे. उत्तर त्या काळातल्या रेकॉर्डमध्ये सापडतं. पण रेकॉर्डवर काय आहे एवढंच ऐकून भागत नाही. काय येऊ दिलं नाही, कुठल्या कंपनीनं नकार दिला, कुठले शब्द गाळले गेले, हेही बघावं लागतं.

आधी कायदा समजून घेऊ

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्यानं संपली. पण १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केलं आणि दक्षिणेतल्या राज्यांना मोकळं रान मिळालं. शाळा वेगळ्या, बसमधली जागा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, दवाखान्याचं दार वेगळं. या कायद्यांना मिळून ‘जिम क्रो’ म्हणतात. मताधिकार कागदावर होता, पण कर आणि साक्षरतेच्या चाचण्या आड घालून तोही हिरावला जायचा. आणि या सगळ्याच्या मागे उभी होती झुंडशाही. टस्कीगी इन्स्टिट्यूटच्या नोंदीनुसार १८८२ ते १९६८ या काळात ३,४४६ कृष्णवर्णीयांना जमावानं ठार मारलं. झुंडबळीला संघराज्याच्या पातळीवर स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेत झाला तो थेट २०२२ साली.

या व्यवस्थेविरुद्धचा लढा म्हणजे नागरी हक्क चळवळ. १९५४ साली न्यायालयानं वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, १९५५-५६ मध्ये माँटगोमेरी शहरात ३८१ दिवस बसवर बहिष्कार चालला, १९६४ साली नागरी हक्क कायदा आणि १९६५ साली मताधिकार कायदा झाला. ढोबळमानानं ही तिची चौकट.

आणि जॅझ म्हणजे काय?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लीन्समधल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतून हे संगीत वर आलं. आपल्याकडच्या श्रोत्याला त्याची रीत पटकन कळावी. ख्यालात बंदिश दोन-चार ओळींची असते, खरं गाणं तिच्याभोवती गायक जे उभं करतो त्यात असतं. जॅझमध्येही एखादी चाल घ्यायची, ती एकदा वाजवायची आणि मग तिच्या स्वरसंगतीच्या सांगाड्यावर प्रत्येकानं आपापली उपज करायची. त्यामुळे तेच गाणं १९२९ साली एक बोलतं आणि १९५९ साली दुसरंच. कोणी वाजवलं, कधी, कोणासमोर, हे जॅझमध्ये तळटीपेत टाकता येत नाही.

या कलाकारांचं रोजचं जगणं मात्र जिम क्रोच्या आतच होतं. ज्या हॉटेलात त्यांच्या नावावर तिकिटं खपायची, तिथेच त्यांना मागच्या दारानं यावं लागायचं आणि रात्री झोपायला खोली मिळायची नाही. रेकॉर्डच्या बाजारातही तेच. कृष्णवर्णीय ग्राहकांसाठीच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ या वेगळ्या नावाखाली, वेगळ्या यादीत विकल्या जायच्या.

एका गाण्याला कंपनीनं नाही म्हटलं

७ ऑगस्ट १९३० रोजी इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावी जमावानं थॉमस शिप आणि एब्रम स्मिथ या दोन तरुणांना तुरुंगातून काढून झाडाला लटकवलं. तिथल्या एका फोटोग्राफरनं त्याचा फोटो काढला. वर दोन देह आणि खाली कॅमेऱ्याकडे बघणारी माणसं, त्यातली काही चक्क हसणारी. हा फोटो न्यूयॉर्कमधल्या एबल मीरोपोल या ज्यू शाळामास्तरानं पाहिला. त्यानं कविता लिहिली, तिला चालही दिली. दक्षिणेतल्या झाडांना लागलेलं विचित्र फळ, ही त्या कवितेची एकच प्रतिमा. गाण्याचं नाव ‘स्ट्रेंज फ्रूट’.

१९३९ साली ते बिली हॉलिडेकडे आलं. ती तेव्हा २३ वर्षांची होती आणि ‘कॅफे सोसायटी’ या क्लबमध्ये गायची. गोरे आणि काळे श्रोते एकत्र बसतील असा क्लब न्यूयॉर्कमध्येही त्या काळी विरळाच. शेवटचं गाणं म्हणून ती हे गायची. वेटरांनी थांबायचं, दिवे बंद, प्रकाशाचा एकच झोत तिच्या चेहऱ्यावर. गाणं संपलं की पूर्ण अंधार, आणि टाळ्या कितीही पडल्या तरी ती परत मंचावर यायची नाही.

तिचा करार होता कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी. हे गाणं मुद्रित करायला कंपनीनं नकार दिला. दक्षिणेतले दुकानदार आणि ग्राहक बिथरतील ही भीती. मग तिनं कमोडोर या छोट्या कंपनीचे मिल्ट गॅबलर यांना गाठलं, आणि २० एप्रिल १९३९ रोजी कोलंबियाच्या परवानगीनं पण कमोडोरच्या नावानं ही तबकडी मुद्रित झाली.

ती रेकॉर्ड ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते: बिलीचा आवाज लागायला एका मिनिटाहून जास्त वेळ जातो. गाणं फार लहान होतं, तबकडीची एक बाजू तर साधारण तीन मिनिटांची. म्हणून गॅबलर यांनी सॉनी व्हाइटला पियानोवर थोडं वाजवायला सांगितलं. एका व्यावहारिक अडचणीतून आलेली ही सुरुवात आज त्या गाण्यापासून वेगळी काढताच येत नाही. मग आवाज येतो, आणि तो कुठेही चढत नाही. ती ओरडत नाही, रडत नाही, समोर दिसतंय ते सांगावं तशी एकेक शब्द ठेवत जाते. मला वाटतं, या संयमामुळेच आठ दशकांनंतरही ते ऐकणाऱ्याला सुटू देत नाही.

पुस्तकात आहे म्हणजे खरं का?

१९५६ साली बिली हॉलिडेचं आत्मचरित्र आलं. त्यात या कवितेला चाल लावण्याचं श्रेय तिनं स्वतःला आणि सोबतच्या वादकांना दिलं आहे. ते बरोबर नाही. मीरोपोलच्या रचनेला चाल आधीपासून होती, त्याची बायको ती सभांमध्ये गात असे. आयुष्यभर दुसऱ्यांनी जिची कमाई खाल्ली त्या बाईनं असं का लिहिलं असेल हे समजून घेता येतं. पण गाणं तिचं झालं ते गाण्यातून, आणि ते तिच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. चाल मात्र शाळामास्तराची. चरित्रं, मुलाखती आणि अल्बमच्या पाकिटावरचे मजकूर वाचताना तारखा आणि कंपन्यांच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात त्या यासाठी.

‘पण शब्दच नसतील तर राजकारण कुठून येणार?’

हा सगळ्यात नेहमीचा आक्षेप आहे, आणि रास्तही आहे. सॅक्सोफोन काही मागण्यांचं निवेदन वाचून दाखवत नाही.

उत्तरासाठी बासवादक चार्ल्स मिंगसची एक रचना घेऊ. १९५७ साली आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात नऊ कृष्णवर्णीय मुलं गोऱ्यांच्या शाळेत जायला निघाली. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी त्यांना अडवायला राज्याचं सैन्य उभं केलं. यावर मिंगसनं ‘फेबल्स ऑफ फॉबस’ ही रचना केली. १९५९ साली कोलंबियानं ती काढली, पण बिनशब्दांची. शब्दांना कंपनीनं परवानगी दिली नाही असं सांगितलं जातं. पुढच्या वर्षी कँडिड या छोट्या कंपनीसाठी त्यानं तीच रचना शब्दांसकट मुद्रित केली. त्यात मिंगस विचारतो की सगळ्यात हास्यास्पद माणूस कोण, आणि ड्रमवादक डॅनी रिचमंड मागून गव्हर्नरचं नाव घेतो.

दोन्ही पाठोपाठ ऐका. बिनशब्दांच्या रेकॉर्डमध्येही ती तुकतुकीत, डुलत चालणारी, फुगलेल्या माणसाची नक्कल करणारी चाल तशीच आहे. शब्द गेले तरी चालीतली टर उडवण्याची वृत्ती जात नाही, आणि नाव तर वेष्टणावर छापलेलंच आहे.

नावाची ताकद कंपन्यांनाही कळत होती. लाँग प्ले तबकडी १९४८ साली आली आणि तीन मिनिटांचं बंधन सुटलं. त्याचा फायदा घेऊन सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सनं १९५८ साली ‘फ्रीडम स्वीट’ ही जवळपास एकोणीस मिनिटांची, तबकडीची अख्खी बाजू व्यापणारी रचना केली. फक्त सॅक्सोफोन, बास आणि ड्रम, एकही शब्द नाही. अल्बमवर त्यानं दोन-तीन वाक्यांचं निवेदन छापलं: अमेरिकेची संस्कृती ज्यांच्यामुळे घडली त्यांचाच छळ चालला आहे, अशा अर्थाचं. काही वर्षांत तोच अल्बम पुन्हा बाजारात आला तेव्हा त्याचं नाव बदललं होतं. दुसऱ्या बाजूवरच्या ‘शॅडो वॉल्ट्झ’ या निरुपद्रवी गाण्याचं नाव त्याला दिलं गेलं. संगीत जसंच्या तसं, ‘स्वातंत्र्य’ हा शब्द तेवढा मुखपृष्ठावरून गायब.

आणि मग जॉन कोल्ट्रेनचं ‘अलाबामा’. १५ सप्टेंबर १९६३, रविवार सकाळ. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात एका चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी लावलेला बॉम्ब फुटला. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन आणि डेनिस मॅक्नेअर या चार मुली मेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, डेनिस अकराची. दोन महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, कोल्ट्रेननं ही रचना मुद्रित केली. पियानोचे खालचे सूर थरथरत राहतात, त्यावर सॅक्सोफोन ठेक्याशिवाय, एखाद्यानं शोकसभेत थांबत थांबत बोलावं तसा पुढे सरकतो. मध्येच ठेका सुरू होतो, आता नेहमीचं जॅझ येणार असं वाटतं, आणि तो मोडतो. पुन्हा तेच बोलणं. अखेरीस एल्विन जोन्सचे ड्रम खालून उसळतात. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्या मुलींच्या अंत्यविधीत केलेल्या भाषणाच्या लयीवर ही रचना बेतली आहे असं सांगितलं जातं. ते तसं असो वा नसो, नाव आणि हे सूर एकत्र आल्यावर त्या वर्षीच्या कोणत्याही अमेरिकन श्रोत्याला वेगळ्या खुलाशाची गरज नव्हती.

‘वी इन्सिस्ट!’ : आम्ही ठणकावून सांगतोय

आता सुरुवातीच्या दोघांकडे येऊ. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबोरो गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. तो गोऱ्यांसाठी राखीव होता. त्यांना काही वाढलं गेलं नाही आणि ते उठले नाहीत. ही बैठी आंदोलनं वणव्यासारखी पसरली. त्याच वर्षी मॅक्स रोचनं कँडिडसाठी ‘वी इन्सिस्ट!’ हा अल्बम केला. मुखपृष्ठावर अशाच काउंटरवर बसलेली तीन माणसं, मान वळवून थेट आपल्याकडे बघणारी, आणि मागे पांढऱ्या पोशाखातला गोरा वाढपी.

पाच भाग आहेत. ऑस्कर ब्राउन ज्युनियरनं शब्द लिहिले, ॲबी लिंकन गायली. पहिला भाग ‘ड्रायव्हा मॅन’ हा गुलामांना कामाला जुंपणाऱ्या मुकादमाबद्दल आहे. सुरुवातीला फक्त तिचा आवाज आणि हातातल्या टँबरीनचा आघात. पुढे ठेका पाच मात्रांचा, आणि प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर ड्रमच्या कडेवरचा फटका चाबकासारखा बसतो. सम इतकी क्रूर वाटावी असं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. त्यानंतर कोलमन हॉकिन्सचा सॅक्सोफोन. तेव्हा तो पंचावन्नच्या पुढचा, सगळ्यांचा गुरू म्हणावा असा. वाजवताना त्याचा एक सूर चिरकला. दुरुस्त करू या म्हटल्यावर त्यानं नको म्हटलं, अशा रचनेत सगळंच बिनचूक असेल तर कुठेतरी काहीतरी फार चुकलं आहे, असं त्याचं म्हणणं. तो चिरका सूर आजही रेकॉर्डवर आहे.

तिसऱ्या भागात शब्द संपतात. ॲबी लिंकन आणि रोच दोघंच. आधी प्रार्थना, मग निषेध, मग शांतता. निषेधाच्या भागात ती मिनिटभराहून जास्त वेळ नुसती किंचाळते. ते ऐकवत नाही. ते ऐकवावं म्हणून केलेलंच नाही. शेवटचा भाग जोहान्सबर्गसाठी आहे, कारण त्याच वर्षी मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी ६९ निदर्शकांना गोळ्या घातल्या होत्या. तिथल्या वर्णद्वेषी सरकारनं या अल्बमवर बंदी आणली. हा अल्बम ज्यांनी केला ते पाच महिन्यांनी सुरक्षा परिषदेत दिसले, यात आता कोडं राहू नये.

‘कलेनं कला करावी, राजकारण कशाला?’

असं त्यांनाही सुनावलं गेलं. ॲबी लिंकनच्या १९६१ च्या अल्बमवर एका प्रतिष्ठित समीक्षकानं लिहिताना तिला ‘धंदेवाईक निग्रो’ म्हटलं, म्हणजे आपल्या वर्णाचं भांडवल करणारी. त्यानंतर तिच्या नावाचा नवा अल्बम मुद्रित झाला तो १९७३ साली, जपानमध्ये. एवढ्या मोठ्या गायिकेच्या उमेदीची बारा वर्षं.

गायिका-पियानोवादक नीना सिमोननं ‘मिसिसिपी गॉडॅम’ बर्मिंगहॅमच्या बॉम्बची बातमी ऐकून एका बैठकीत, तासाभरात लिहिलं. १९६४ साली कार्नेगी हॉलमध्ये तिनं ते गायलं त्याची रेकॉर्ड आहे. चाल नाटकातल्या गाण्यासारखी उडती, श्रोते सुरुवातीला खिदळतात. दोन-तीन कडव्यांत ते हसू विरत जातं, आणि रेकॉर्डवर ते विरताना ऐकू येतं. दक्षिणेतल्या एका विक्रेत्यानं या गाण्याच्या तबकड्या मोडून परत पाठवल्या.

कलाकारानं राजकारण बाजूला ठेवलं तरी राजकारण त्याला सोडत नव्हतं. ऑगस्ट १९५९ मध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. त्यानंतर आठवड्याभरानं, ज्या क्लबच्या पाटीवर त्याचं नाव लागलं होतं त्याच बर्डलँडच्या दारात तो सिगारेट ओढत उभा असताना पोलिसांनी त्याला इथून हल म्हणून डोकं फुटेस्तोवर मारलं आणि वर त्यालाच अटक केली. न्यूयॉर्कमध्ये, दक्षिणेत नव्हे.

‘आर्मस्ट्राँग तर सगळ्यांना हसवत राहिला’

ट्रंपेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँगबद्दल तरुण कृष्णवर्णीय कलाकारही हेच म्हणायचे: गोऱ्यांपुढे दात काढणारा. सप्टेंबर १९५७ मध्ये तो नॉर्थ डाकोटातल्या ग्रँड फोर्क्स गावी कार्यक्रमासाठी आला असताना एका पोरसवदा बातमीदारानं त्याला लिटल रॉकबद्दल विचारलं. आर्मस्ट्राँग भडकला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यात धमक नाही, दक्षिणेत माझ्या माणसांना जसं वागवतात ते बघता सरकार गेलं खड्ड्यात, आणि सरकारतर्फे ठरलेल्या सोव्हिएत दौऱ्यावर आता मी जाणार नाही, असं तो बोलून गेला. संपादकांचा विश्वास बसेना. बातमीदार दुसऱ्या दिवशी मजकूर घेऊन परत गेला तेव्हा आर्मस्ट्राँगनं तो वाचला, खाली ‘सॉलिड’ असं लिहून सही ठोकली. बातमी देशभर गेली. आठवड्याभरात आयझेनहॉवर यांनी लिटल रॉकला लष्कर पाठवलं. ते आर्मस्ट्राँगमुळे पाठवलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण जन्मगावी, न्यू ऑर्लीन्सला, गोऱ्या-काळ्यांच्या मिश्र बँडवर बंदी आहे म्हणून तो १९५६ पासून वाजवायलाच गेला नाही, ती उठल्यावर १९६५ मध्ये गेला, हे त्याला हसणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं.

मग गाण्यानं कायदा बदलला का?

नाही. कायदा बदलला तो तुरुंगात गेलेल्या, मार खाल्लेल्या, रोज मैलोन्‌मैल चालत कामावर गेलेल्या सामान्य माणसांनी. मोर्च्यांत गायली गेली ती बहुतेक चर्चमधली गाणी, जॅझ नव्हे. जॅझनं पैसा उभा केला, आणि ते काम लहान नव्हतं. १२ फेब्रुवारी १९६४ रोजी माइल्स डेव्हिसनं न्यूयॉर्कमध्ये मिसिसिपी आणि लुइझियानातल्या मतदार नोंदणीच्या मदतीसाठी कार्यक्रम केला. सोबतच्या वादकांना बिदागी मिळणार नव्हती आणि त्यावरून मंचावर जायच्या आधी कुरबुर झाली. ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ आणि ‘फोर अँड मोर’ हे दोन अल्बम त्याच एका रात्रीचे आहेत. दुसऱ्यातला तो अंगावर येणारा वेग त्या तणावातून आला असावा.

मुंबईचा धागा

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना, त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला तसा परका नाही. जॅझपुरतं बोलायचं तर १९३५ पासून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात कृष्णवर्णीय अमेरिकन बँड वाजवत होते, आणि गोव्याहून आलेल्या वादकांनी त्यांच्याकडून ही कला उचलून पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत नेली.

शीतयुद्धात अमेरिकेनं जॅझ कलाकारांना सदिच्छादूत म्हणून जगभर पाठवलं. पियानोवादक डेव्ह ब्रुबेकची चौकडी १९५८ साली मुंबईत आली, तीन गोरे आणि बासवर कृष्णवर्णीय यूजीन राइट. आमच्या देशात वर्णभेद नाही, हे जगाला दाखवायला हीच चौकडी सरकारला हवी होती. १९६० साली तिचा दक्षिणेतल्या कॉलेजांचा दौरा ठरला तेव्हा राइटच्या जागी गोरा वादक आणा अशी अट आली. ब्रुबेकनं नकार दिला आणि दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम गमावले.

‘फ्रीडम स्वीट’वाला सॉनी रॉलिन्स साठच्या दशकात पवईच्या आश्रमात येऊन राहिला आणि १९७८ साली ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवाच्या पहिल्या वर्षी मुंबईकरांसमोर वाजवून गेला.

कुठून सुरुवात करावी

मिंगसच्या ‘फॉबस’च्या दोन्ही आवृत्त्यांपासून. मग ‘ड्रायव्हा मॅन’, मग ‘अलाबामा’. ‘स्ट्रेंज फ्रूट’ एकटं ऐकावं, दुसऱ्या गाण्यांच्या रांगेत नको. पुस्तकांत इन्ग्रिड मॉन्सन यांचं ‘फ्रीडम साउंड्स’ सगळ्यात सविस्तर आहे, जरा अभ्यासकी आहे. सदिच्छादूतांसाठी पेनी फॉन एशन यांचं ‘सॅचमो ब्लोज अप द वर्ल्ड’, मुंबईसाठी नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’.

ॲपवर शोधताना एक सांभाळा. तिथे दिसणारं वर्ष पुष्कळदा पुनर्प्रकाशनाचं असतं, मुद्रणाचं नव्हे. अल्बमचं नावही चकवतं. ‘अलाबामा’ सापडेल ‘लाइव्ह ॲट बर्डलँड’ या अल्बममध्ये, पण ती बर्डलँडमध्ये वाजवलेली नाही. न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ती मुद्रित झाली, त्यामुळे शेवटी टाळ्या ऐकू आल्या नाहीत तर चुकीची फाइल लागली असं समजू नका.